फाटक आणि राष्ट्रपतींची माफी

अण्णा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. वकिलीत म्हातारी झाले मी, जगाची भांडणं मिटवते, पण आपलं एक भांडण तसंच पडून आहे. आज ते लिहून काढते.

दुष्काळाचं साल. उमरीच्या अलीकडच्या रेल्वे फाटकावर तुम्ही गेटमन, आणि शेजारी आपलं एका खोलीचं क्वार्टर. दुष्काळी कामावरून परतणारी बैलगाडी संध्याकाळच्या पॅसेंजरखाली सापडली. बैल गेले, गाडीवानाचा पाय गेला. गाडीवान म्हणाला, फाटक उघडं होतं. तुम्ही म्हणालात, "म्या साखळी लावली व्हती. घाईत यांनीच काढली." मग मला बाजूला घेऊन सांगितलंत, "बाई, तुझा बाप खोटं बोलत न्हाई." एवढं मला पुरलं. गाडीवानाची पोर माझ्या वर्गात होती, आम्ही एका भाकरीतलं खायचो. तिच्या घरी जाऊन, खाटेवर पडलेल्या तिच्या बापाला मी तोंडावर खोटारडा म्हणून आले. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. बापाची बाजू घ्यायची म्हणजे एवढं होणारच, असं वाटायचं.

कोर्टानं तुम्हाला दोषी धरलं, कैद झाली, नोकरी गेली. नांदेडच्या वरच्या कोर्टात अपील टाकलं. जामिनाला मात्र सातबारावाला कुणी उभा राहिना, म्हणून तुम्ही जेलातच राहिलात. आपल्या बौद्धवाड्यात सातबारा होता कुणाकडे? माय दिवसभर खडी फोडायची आणि तारीख आली की मला घेऊन नांदेड गाठायची. तो कोर्टाचा व्हरांडा मला अजून दिसतो. माय पायरीवर बसली आहे, तिच्या हातांना फोड आहेत. आपले वकीलसाहेब, नांदेडातले जुने मुसलमान वकील, फी न घेता केस लढवणारे, काळा कोट हातावर टाकून येतात आणि उभ्यानेच सांगतात, "बाई, तुमच्या मालकानं अपील वापस घेतलं. जेलातून राष्ट्रपतींकडं रहमाचा अर्ज केलाय."

माय म्हणते, "मंग चांगलंच हाय की, साहेब."

"काय चांगलं? रेल्वेचा कायदा दिल्लीचा, म्हणून अर्ज राष्ट्रपतींकडं. पण इथं अपील चालू असताना तिथं कोण हात घालंल? म्हणून अपील सोडलं. अन् अर्जात लिहून दिलंय, फाटक माझ्या हातून उघडं राहिलं, पश्चात्ताप होतोय. केस आपण जिंकून राहिलो होतो, बाई."

मायनं पदर तोंडाला लावला. मला मात्र फक्त गाडीवानाची खाट दिसत होती.

उरलेली शिक्षा माफ झाली. तुम्ही घरी आलात, स्टेशनवरच्या लोकांनी हार घातला. मायनं भाकर वाढता वाढता विचारलं, "अवो, साखळी लावली व्हती का न्हाई?" तुम्ही म्हणालात, "घरी आलो न्हवं? मंग कशाला इचारती?" आणि भाकर मोडून खायला लागलात.

राष्ट्रपतींनी माफ केलं म्हणजे सगळं धुऊन निघालं, असं तुम्हाला वाटलं होतं. आदेश घेऊन रेल्वेच्या ऑफिसात गेलात. तिथल्या साहेबानं समजावलं, माफ झाली ती शिक्षा, कोर्टाचा निकाल कायम आहे. दोषी तो दोषीच. नोकरी नाही, पेन्शन नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. आपण लातूरला आलो. पुढे लातूर जिल्हा झाला, कचेऱ्यांची बांधकामं निघाली. आपल्या लोकांची पोरं त्या कचेऱ्यांत शिपाई झाली, कारकून झाली, आणि तुम्ही बाहेर विटा राखत बसलात.

मी तिथेच वकिली शिकले. ज्या दिवशी वर्गात घटनेतलं माफीचं कलम शिकवलं, त्या संध्याकाळी तणतणत तुमच्या बांधकामावर आले. तुम्ही वाळूच्या ढिगाजवळ बिडी ओढत होतात. मी म्हणाले, "अण्णा, पूर्ण माफी वेगळी आणि शिक्षेतली सूट वेगळी. तुम्हाला नुसती सूट मिळाली. अपील जिंकलो असतो तर निकालच पुसला असता, नोकरी परत मागता आली असती!"

"अन् हारलो असतो तर?"

"साखळी लावली होती, तर हरलो कसे असतो?"

तुम्ही बिडी विझवली आणि एका मजूर बाईला घमेलं उचलू लागायला गेलात. तुम्ही असेपर्यंत तो विषय पुन्हा निघाला नाही.

म्हणून आता विचारते, खोटं कुणाशी बोललात? माझ्याशी की राष्ट्रपतींशी? अर्ज खरा असेल, तर पाय गमावलेल्या माणसाला मी तुमच्या शब्दावर खोटारडा म्हटलं. अर्ज खोटा असेल, तर मायचे फोड, वकीलसाहेबांचे कष्ट, माझी मैत्रीण, सगळं तुम्ही आम्हाला न विचारता एका अंगठ्यानं उधळून टाकलंत. दोन्हीकडून मला तोंडघशी पाडलंत, अण्णा. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाला माफ करावं. कलमात माफी मिळते ती दोषी ठरलेल्यालाच. तुमचा गुन्हा कोणता, हेच मला अजून ठरवता आलेलं नाही, तर माफ कशाबद्दल करू?

गेल्या महिन्यात अर्धापूरला एका लग्नात गाडीवानाची पोर भेटली. आता नातवंडांची आजी झाली आहे. जेवताना माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आता समदे गेले. खरं सांग, फाटक लावलेलं व्हतं का?" एवढा कायदा शिकलेली मी, 'माहीत नाही' म्हणायला काय जात होतं? पण तोंडातून निघालं, "लावलं होतं." ती नुसतं "बरं" म्हणाली.

हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल, आणि तेवढंही समाधान मला तुम्हाला द्यायचं नाही. म्हणून हे पत्र मी तुमच्या फोटोपुढेसुद्धा वाचणार नाही.