ऑग्सबर्गचा बगळा

न्यूअर्क, ता. ९ ऑक्टोबर १९११

चि. ज्युलियस यास,

हेडविगताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. बाबांना सत्तरावं लागलं म्हणून काल मी त्यांना हौसेनं न्यूयॉर्कच्या संग्रहालयात जुने दागिने पाहायला नेलं. चाळीस वर्षं सोन्यावर मीना भरणाऱ्या माणसाला दुसरं काय दाखवणार? पण घरी आले ती त्यांना दंडाला धरूनच.

एका कपाटात पांढऱ्या मीन्याचा बगळा होता. वेड्यावाकड्या मोत्याचं पोट, चोचीत माणकाचा मासा. खाली पाटी : ऑग्सबर्ग, अंदाजे १५८०. बाबा काचेला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, हा माझा आहे. तुझ्या लग्नात अडेलला त्यांनी दिला, तोच. मी म्हटलं, बाबा, तसाच दुसरा असेल. तर मोठ्यानं म्हणाले, मोती मिसिसिपीच्या शिंपल्यातला आहे, मी स्वतः निवडून घेतलाय. तुमचा तो जर्मनीतला ऑग्सबर्गवाला तीनशे वर्षांपूर्वी कुठल्या बोटीनं इकडे अमेरिकेत आला होता? लोक हसले. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लहान मुलाची समजूत काढावी तसं बोलला. ते गोड बोलणंच बाबांना फार लागलं.

बगळ्याच्या पायाच्या बोटावरचा मीना उडालाय. ते पाहून मात्र त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. हा मुद्दाम उडवलाय, पडून असा उडत नाही, म्हणाले.

तू एवढंच कर. रविवारी अडेलचा बगळा घेऊन ये. तो हातात घेतला की त्यांचं मन निवेल. बटाट्याचं सूप करून ठेवते. येशील ना?

तुझी ताई,
हेडविग

न्यूयॉर्क, ता. १४ ऑक्टोबर

ती. हेडविगताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. सगळ्या संग्रहालयाला धारेवर धरणारे बाबा डोळ्यांसमोर आले. पण ताई, सत्तरी म्हणजे सत्तरी. आमच्या पेढीत जुने दागिने विकता विकता मी असे पुष्कळ म्हातारे पाहिलेत. प्रत्येकाला प्रत्येक जुनी वस्तू आपलीच वाटते. एकदा डॉक्टरांना दाखव.

बगळा बँकेच्या तिजोरीत आहे. सध्या पेढीचे मालक व्हिटकोम साहेब मला क्षणाची उसंत देत नाहीत, त्यामुळे तो काढून आणणं जमणार नाही. अडेलची छाती आता अगदी बरी आहे, खोकला नाही. बाबांसाठी संत्री पाठवतोय. त्यांना त्या विषयाची आठवण देऊ नकोस, आपोआप विसरतील.

रागावू नकोस, माया आहे तशीच ठेव.

तुझा,
ज्युलियस

न्यूअर्क, ता. २ नोव्हेंबर

चि. ज्युलियस यास,

आशीर्वाद. संत्री पोचली, तशीच पडून आहेत.

बाबा विसरले नाहीत. पण तू म्हणालास ते मी त्यांना सांगितलं, बगळा तिजोरीत आहे म्हणून, आणि ती माझी मोठी चूक झाली. त्या दिवसापासून ते स्वतःवरच संशय घेताहेत. माझा मुलगा खोटं कशाला बोलेल, म्हणजे माझंच डोकं फिरलंय, असं एकच धरून बसलेत. कारखान्यात जाणं सोडलं. मालकांना सांगून आले की ज्याला आपलं काम ओळखता येत नाही त्याच्या हाती सोनं देऊ नका. परवा मला विचारलं, हेडविग, मी खरंच मीनाकार होतो ना गं? मी हो म्हटलं तर म्हणाले, तू माझं मन राखायला बोलतेस.

डॉक्टर आले होते. असंच चाललं तर मॉरिस परगण्यातल्या वेड्यांच्या इस्पितळाचा विचार करा, म्हणाले. बाबा दाराआड उभे होते.

म्हणून मी तुला न विचारता अडेलला पत्र घातलं. तिचं उत्तर आलं. बिचारीनं सरळ मनानं लिहिलंय की सॅरनॅक लेकला क्षयाच्या इस्पितळात हवापालटासाठी गेली त्या हिवाळ्यानंतर तिनं बगळा पाहिलेला नाही. तो न्यूअर्कला आमच्याकडे ठेवलाय असं तू तिला सांगितलंस.

ज्युलियस, आईच्या माघारी तुला मी वाढवलं. लहानपणी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. आता मला कान दिसत नाहीत, नुसतं अक्षर दिसतं. याहून जास्त मला विचारायला लावू नकोस.

हेडविग

न्यूयॉर्क, ता. ६ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. हे पत्र बाबांना वाचून दाखव. माझ्या तोंडानं सांगायची हिंमत नाही.

तो बगळा बाबांचाच आहे.

अडेलला खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हा उपचारांच्या खर्चासाठी मी तो व्हिटकोम साहेबांना विकला. माझ्या वडिलांचं काम म्हणूनच विकला, शपथेवर सांगतो. चार महिन्यांनी साहेबांनी मला आत बोलावलं. मेजावर बगळा होता आणि शेजारी कुठल्याशा जर्मन सरदाराच्या घराण्याची कागदपत्रं. म्हणाले, इतका नवा दिसून चालणार नाही. तू मीनाकाराचा मुलगा, कुठे दुखवायचं ते तुला ठाऊक. अडेल अजून इस्पितळात होती. मी लहान हातोडी घेतली. ताई, त्या बोटावरचा मीना मी उडवला.

पुढे तो एका श्रीमंताकडे गेला आणि त्यानं संग्रहालयाला दिला. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी खरं बोलायला हवं होतं. मी बाबांना वेडं ठरू दिलं. तो माझा मोठा गुन्हा.

आज सकाळी संग्रहालयात जाऊन सगळं लिहून दिलं. मग पेढीवर जाऊन तेच साहेबांच्या तोंडावर सांगितलं. त्यांनी ओरडाआरडा केला नाही, माझी टोपी उचलून हातात दिली. नोकरी गेली. अडेलला सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

कुठल्या तोंडानं माया मागू?

ज्युलियस

न्यूअर्क, ता. १९ नोव्हेंबर

चि. ज्युलियस यास,

पत्र दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा संपलं तेव्हा बाबा म्हणाले, म्हणजे मला वेड नाही लागलं. उठले, दोन वाट्या सूप प्यायले, कोट चढवून थेट डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना ते चारचौघांत सांगून आले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हातोडीपाशी आल्यावर मला थांबवलं. तीन दिवस तुझं नाव निघालं नाही.

गुरुवारी संग्रहालयाचा तो अधिकारी घरी आला होता. माफी मागितली. पाटी काढली म्हणाला, बगळा कपाटाबाहेर ठेवलाय. बाबांनी त्याला कॉफी पाजली आणि पांढरा मीना भट्टीत पिवळा का पडतो यावर दोन तास पिळलं. गेल्या सोमवारपासून पुन्हा कारखान्यात जाताहेत.

तुझी बाजू मी मांडली नाही, मांडणारही नाही. खाली त्यांनी स्वतः लिहिलंय. मी लिहून देऊ का विचारलं, तर माझ्यावरच खेकसले.

हेडविग

ज्युलियस,

मी शुद्धीवर आहे हे कळवलंस, आभार.

विकलास त्याचा राग नाही. मला विचारलं असतंस तर मी स्वतः बगळा घेऊन दारोदार फिरलो असतो. सून आधी, बगळा मागून. पण तू विचारलं नाहीस, आणि नंतर मला माझ्याच घरात चाचपडत हिंडायला लावलंस. ते मी विसरणार नाही. विसरलो असं खोटं म्हणणारही नाही.

नाताळाला अडेलला घेऊन ये. मी तुझ्याशी बोलेन असं समजू नकोस. पण ये. तुझी खुर्ची मांडायला हेडविगला सांगितलंय.

वडील