कॅन्टीनमधून आणलेलं इंग्रजी

आई, रांजणगावच्या कंपनीत तू पोळ्या लाटायचीस आणि जेवायला आलेले साहेब लोक आपसात जे इंग्रजी बोलायचे ते कानात साठवून शिरूरला घरी आणायचीस. कंपनीच्या बसमधून उतरून घरात पाऊल टाकलंस, की हातपाय धुवायच्या आधी मला विचारायचीस. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी घेतलेलं. एकदा तू म्हणालीस, "पीसापकेक म्हंजी काय गं? बंद मशीन चालू झाली तवा साहेब म्हनला." मी पुस्तकातून डोकं वर न काढता सांगितलं, केकचा तुकडा. तू पिशवी खाली ठेवलीस. "मशीनचा आन् केकचा काय संबंध? शब्दाचं नगं सांगू. मान्साला काय म्हनायचंय ते सांग." मग मी डिक्शनरी उघडली. एकदम सोपं काम, असा अर्थ निघाला. "म्हंजी हातचा मळ. असं सांग की," म्हणालीस आणि चुलीकडं वळलीस. पुढं कंपनीत कसलासा कार्यक्रम झाला तेव्हा कागदात गुंडाळून, बसमध्ये चेपलेला केक माझ्यासाठी आणलास. "हे घे, खरं पीसापकेक." आपण दोघी हसत हसत तो बोटांनीच खाल्ला.

तेव्हापासून तो आपला रोजचा उद्योगच झाला. 'वन्स इन अ ब्लू मून'ला तू सटीसामाशी म्हणालीस. 'बीट अराउंड द बुश'चा अर्थ मी झुडपाबिडपासकट समजावत होते, तर मला मध्येच थांबवून म्हणालीस, ताकाला जाऊन भांडं लपवणं. हे ना माझ्या प्राध्यापकांना सुचलं होतं, ना मला.

मग तुझं दुखणं निघालं. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट चाळतायत, तू माझ्या शेजारी पदर सावरून बसलीयेस. ते तुझ्याकडं न बघता मला म्हणतात, "इट्स ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम." मी मान हलवते. बाहेर आल्यावर तू विचारलंस काय म्हणले, तर मी म्हणाले, बरं व्हायला वेळ लागेल. "व्हय," म्हणालीस, "लागंल." शिरूरची एसटी येईपर्यंत तू मला तिथल्या गाड्यावरचा चहा पाजलास.

दोनतीन दिवसांनी मेथी निवडताना तूच विषय काढलास. "आमची कनीक मळायची जुनी मशीन व्हती, तिला बी साहेब तेच म्हनला व्हता. मॅटर आफ टाइम. म्हैन्यात बंद पडली ती." माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. "तुला सांगता येईना, म्हनून तवा फुडं काय इचारलं न्हाई. आता आपन ताकाला जाऊन भांडं नगं लपवायला." मी रडले. तू निवडलेली मेथी धुवायला घेतलीस आणि मला रडू दिलंस.

पुढच्या खेपेला डॉक्टर परत माझ्याकडं वळून इंग्रजीत बोलू लागले, तेव्हा तू म्हणालीस, "साहेब, मराठीत सांगा. दुखनं माजं हाय." त्यांनी खुर्ची तुझ्याजवळ ओढली आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, किती दुखेल, कोणती गोळी कधी घ्यायची, काय आता होणार नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एकच विचारलंस, खुटबावला भावाकडं जाऊन राहिलं तर चालंल का. ते म्हणाले, जा की.

तिथं मामाची शेवंती फुललेली. रोज सकाळी तू बांधावर बसून फुलं खुडायचीस, मामा म्हणायचा अक्का राहू दे, तू राहू द्यायची नाहीस. लहानपणी विहिरीवर कुणी कुणाला ढकललं यावरून तुम्ही बहीणभाऊ भांडायचात, दोघंही पोट धरून हसायचात. शेवंती संपायच्या आत तू गेलीस, त्याच घरात, मामा उशाशी असताना.

मी आता दौंडला इंग्रजी बोलायचा क्लास घेते. नवा वाक्प्रचार आला की पोरं शब्द फोडायला बसतात, मी आधी विचारते, कोण कुणाला म्हणालं आणि कशावरून. बहुतेक वेळा तेवढ्यानंच त्यांना उलगडतं.

हे कुठं पाठवायचं नाही, ते मला माहीत आहे. एक मात्र खरं. तुला सहीपुरतीच अक्षरं यायची. तू असतीस तर हे सगळं तुझ्यासमोर बसून मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं.