साटिनचं पोलकं

४ मे १९३६, सोम.
शेजारच्या माईंनी त्यांच्या कुसुमच्या लग्नाचं पोलकं मला शिवायला दिलं. मुंबईहून आणवलेलं रेशमी साटिन, पाऊण वार. दुसरं मिळायचं नाही. तरी मी हो म्हणून बसले. ह्यांनी बजावलं, "नीट झालं तर बाहेरची शिवण घे. बिघडलं तर मशीन घरच्यापुरतं." बारा तारखेला लग्न, हेच घालून ती गौरीहर पूजणार.

५, मंगळ.
कापड कसलं, मासोळी ती! खडूची रेघ ओढेपर्यंत सरकतं. कात्री हातात घेऊन बसले नि तशीच ठेवली.

६, बुध.
मशीनला तेल द्यायला भद्रकालीच्या बाजारातले करीमचाचा शिंपी आले. साटिन दाखवलं. "बाई, पहिले कडक करायचं. भाताची पेज लावा, सुकू द्या, मग कात्री. सुई एकदम बारीक. शिवून झालं की धुऊन टाका."
पेज गाळली, तोच सासूबाई आल्या. "रेशमाला खरकटं लावतेस? ते अंगात घालून पोर गौरीहर पूजणार?" माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पेज गाईला.

७, गुरु.
कापड परत द्यावं असं मनात... रडू आलं. दुपारी ताक करता करता सासूबाई म्हणाल्या, "साबुदाणा उपासाला चालतो. त्याची खळ कर की." मला हसू फुटलं. त्याही हसल्या.

८, शुक्र.
आधी काठाच्या चिंधीवर. डाग नाही. मग सगळं बुडवून सावलीत वाळवलं. कात्री सरळ गेली! बाही मात्र चुणली. उसवली, खाली कागद धरून पुन्हा शिवली, कागद फाडून काढला. वर्तमानपत्राची शाई लागेल म्हणून ह्याच वहीचं कोरं पान घेतलं.

१०, रवि.
धुतलं. खळ गेली, पुन्हा सुळसुळीत. कुसुमला काखेत तंग होतं, जरा सैल केलं. आता छान.

१२, मंगळ.
माईंच्या नणंदेने विचारलं, कुठल्या शिंप्याकडचं? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई, "शिंपी कशाला? आमची सून आहे ना." नणंदबाई दोन खण पाठवणार आहेत. ह्यांना विचारलं, घेऊ ना? "आता मला कशाला विचारतेस," म्हणाले. फार बरं वाटलं.

१४, गुरु.
सासूबाईंनी पेटीतून एक रेशमी खण काढला. त्यांच्या आईने लग्नात दिलेला. कधी शिवलाच नाही. "कुणाच्या हाती द्यायचा धीर झाला नाही. तू शिव." घड्यांवर विरत आलाय. खळ लावून धुतला तर टिकेल का, कुणास ठाऊक. सकाळपासून दोनदा विचारून गेल्या, "कापलास का गं?"