चौदा अटी

पाच नंबर खाण, कामगार वसाहत
सोमवार

प्रिय स्रवंती,

फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की माझ्या तोंडून जे निघतं त्याला लोक भाषण म्हणतात. आज मला भाषण करायचं नाही. गुरुवारी तुझ्या बापाच्या मृत्यूची चौकशी आहे. ओदेलू स्वतःच्या बेफिकिरीने, कुणी न सांगता, आधार नसलेल्या छताखाली गेला, असं खाणीच्या अधिकाऱ्यांनी लिहून दिलं आहे. सत्तावीस वर्षं दर पाळीला उतरल्यावर जो माणूस आधी काठीने छत ठोकून त्याचा आवाज ऐकायचा आणि मग पाऊल टाकायचा, तो बेफिकीर! गुरुवारी हे खोडलं गेलं नाही, तर त्याच्या नावापुढे कायमचं तेच राहील. ते खोडण्याचा एकच मार्ग आहे आणि तो माझ्याकडे आहे. तो तुला सांगायला मी सहा आठवडे घेतले.

आधी घरचं. तुझी आई शेजारची कुणी समोर बसली तर चार घास खाते. मी रोज जाऊन येतो. ती अंबलीचा पेला आधी माझ्यापुढे ठेवते आणि म्हणते, "भावोजी, तुम्ही आहात म्हणून धीर आहे." पेला तसाच ठेवून मी निघतो. काल तिने सांगितलं, तू वर्गात जाणं सोडलं आहेस. हैदराबादला खोलीत बसून असतेस, फोनला हात लावत नाहीस आणि बापाबद्दल म्हणतेस, माझ्याच हाताने नान्ना गेले. ते ऐकलं आणि घरी येऊन हा कागद घेतला.

मे महिना आठव. तुमच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली तू मला फोनमधल्या एआय यंत्राची ती नवी विद्या शिकवायला बसलीस. अडुसष्ट वर्षांचा विद्यार्थी, तुझा थोरला काका, एका बोटाने अक्षरं शोधणारा. तू म्हणालीस, "पेद्दनान्ना, लिहू नका, बोला. त्याला आपली तेलुगू कळते." मी बोललो, तर शेजारची कोंबडी उडाली. ओदेलू खाटेवरून म्हणाला, "अण्णा, तो फोन आहे, गेट मीटिंग नाही. त्याला ऐकू येतं." मी त्या यंत्राला पहिला प्रश्न विचारला, तुझा मालक कोण? दुसरा, संपावर जाशील का? तू हसून लोळलीस. मी म्हणालो, याला पगार नको, रजा नको, युनियन नको. मालकांनी शंभर वर्षं ज्या कामगाराचं स्वप्न पाहिलं तो हाच. मग त्याला कामगार दिनाचं भाषण लिहायला सांगितलं. त्याने ते अर्ध्या मिनिटात लिहिलं आणि ते वाईट नव्हतं. चाळीस वर्षं वाचून, घसा फोडून जे कमावलं ते त्याच्याकडे आयतं होतं. आधी भीती वाटली. चार दिवसांनी भीतीची हाव झाली. हे तुला तेव्हा सांगितलं नाही.

तू मात्र नीट शिकवलंस. तीन वेळा सांगितलंस, "तो काय म्हणतो ते शेवटपर्यंत वाचायचं, आणि मूळ कागदाशी ताडून बघायचं." ओदेलूने ते लक्षात ठेवलं. मी मान डोलावली.

ऑगस्टमध्ये तज्ज्ञांचा अहवाल आला. पुढे जिथे छत कोसळलं, तो खाणीतला आतला भाग तेव्हा चार महिने बंद होता, छतातून पाणी ठिबकत होतं, आणि तिथे उतरायला पहिला नकार तुझ्या बापानेच दिला होता. दुसऱ्या बाजूने खाणच बंद करून तीनशे माणसं दूर कुठेतरी पाठवायची कुजबुज सुरू होती. खाण चालू ठेवा म्हणून मी रान उठवलं होतं. अहवाल आला चाळीस पानांचा, सगळा इंग्रजीत. पूर्वी असा कागद मी निवृत्त हेडमास्तरांकडे न्यायचो. ते तीन दिवस घ्यायचे आणि प्रत्येक ओळीला अडवायचे. या वेळी मी त्यांच्या दारावरून पुढे गेलो. पानांचे फोटो काढले, तू दाखवलंस तसे यंत्राला दिले.

त्याने सगळं सांगितलं, स्रवंती. एकही गोष्ट सोडली नाही. तो भाग पुन्हा सुरू करता येईल, पण चौदा अटींवर. नवे आधार बसवून दोन दिवस पाहणी झाल्याशिवाय आतल्या तोंडाशी, जिथे खोदकाम चालतं तिथे, कुणी जायचं नाही. ठिबकणं वाढलं तर सगळ्यांनी बाहेर यायचं. अशा चौदा. मी त्या वाचल्या, दोन वेळा. आणि मला राग आला. पाळी बदलताना गेटवर मला सात मिनिटं मिळतात. माणसं डबे घेऊन उभी असतात. जिंकलेल्या लढाईची बातमी सांगताना जर-तर, परंतु-मात्र कोण ऐकतो? मी त्याला म्हणालो, हे जर-तर काढून टाक, लोक पेटले पाहिजेत असं लिही. त्याने लिहिलं. खाली एक ओळ घातली: तुमच्या सांगण्यावरून अटी वगळल्या आहेत, पण आत उतरण्याआधी त्या कामगारांना सांगणं आवश्यक आहे. मी भाषण उतरवून घेतलं. ती ओळ उतरवली नाही.

त्या मंगळवारी सकाळी गेटवर मी काय बोललो ते तू फोनवर पाहिलं असशील. सगळ्यांकडे ते आहे. छत आपलं, खाण आपली, आता आत जायला घाबरायचं कारण नाही. घोषणा झाल्या तिथे ते चित्रण संपतं. त्यानंतरचं कुणाकडे नाही. तुझा बाप पुढच्या रांगेत होता. त्याने हात वर केला आणि विचारलं, "अण्णा, अटी काय घातल्यात?"

मला त्या माहीत होत्या. खिशातल्या फोनमध्ये होत्या. सांगायला तीन मिनिटं लागली असती. पण उतरलेला जोश मला सोसत नाही. मी म्हणालो, "ओदेलू, अटी मालकांना घालायच्या असतात. पोरीने हैदराबाद दाखवलं तर तू काय वकील झालास?" तीनशे माणसं हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "वकीलसाहेब, काळा कोट कुठे ठेवला?" तोही हसला, मान खाली घालून. त्या पाळीला आत जाणाऱ्यांत तो पहिला होता. मला वाटतं, ते हसू पुसायला. अकराच्या सुमारास छत खाली आलं.

अटी पाळून घेणं अधिकाऱ्यांचं काम होतं, आणि ते त्यांनी केलं नाही. हे मी गुरुवारी सांगणारच आहे, मला गप्प करणारा अजून जन्मायचा आहे. पण अटी मागणं आमचं काम होतं. ज्याने मागितल्या त्याला मी हसण्यावारी नेलं. युनियनच्या कमिटीने शनिवारी बैठक घेतली. म्हणाले, अहवाल आमच्यापासून लपवला असं सांगा, गेटवरच्या त्या बोलण्याबद्दल कुणी विचारणार नाही, कुणी सांगणार नाही. तीनशे माणसं माझ्यासाठी गप्प आहेत. ओदेलूसाठी एकही बोलत नाही.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर बसलो. तिसऱ्या दिवशी तुझ्या दारात तू माझा हात धरून विचारलंस, "पेद्दनान्ना, मी शिकवलं ते यंत्र चुकलं का? त्याने चुकीचं सांगितलं का?" मी म्हणालो, यंत्रच ते, चुकायचंच. तुझ्या तोंडाकडे बघून म्हणालो. तू ते खरं मानलंस आणि बापाचं मरण स्वतःच्या अंगावर ओढून घेतलंस. ते खोटं होतं, पोरी. यंत्र चुकलं नाही. तू शिकवण्यात चुकली नाहीस. मी वाचलं होतं, मला कळलं होतं, मी लपवलं. सगळं संभाषण फोनमध्ये तारखेसह आहे. गुरुवारी तो फोन मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवणार आहे आणि गेटवर काय झालं ते माझ्या तोंडाने सांगणार आहे. तुझ्या आईला, राजव्वाला, उद्या सकाळी सांगेन, तिच्या घरी जाऊन, तिने पेला पुढे ठेवायच्या आत. कमिटीला राजीनामा दिला आहे. तुला हे वर्तमानपत्रातून कळू नये म्हणून आधी लिहिलं. उत्तर देऊ नकोस. माफी मी मागत नाही, ती मागून तुला आणखी एक काम लावायचं नाही. तू वर्गात जा.

नातं सांगायचा हक्क गमावलेला, तरी तुझाच
पेद्दनान्ना
(दुर्गम राजलिंगू)