समितीने मला वर्गाबाहेर काढलं त्याबद्दल

ती. ताईस,

गुडघे वाकू देतात तेवढा नमस्कार. तुझी साखर आटोक्यात असेल आणि डोळ्याचं ऑपरेशन तू पुन्हा पुढे ढकललं नसशील असं धरून चालते. माझी तब्येत ठणठणीत आहे. बिघडलीय ती अब्रू.

निवृत्त बाईला शाळेने आपणहून बोलावलं होतं, हे आधी लक्षात घे. इतिहासाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि नववीचा फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा अर्धवट राहिला. राजाचं डोकं उडालं होतं, दहशतीचा काळ तेवढा बाकी होता. पुस्तकात त्याला सहा ओळी! (कापडगिरण्यांना चार पानं आहेत, चित्रांसकट.) आपल्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी हा धडा घेतला तेव्हा तिथल्या नन्सना कसं मारलं तेवढं सांगून आपल्याला रडवलं, आणि घंटा झाली. कोणी मारलं, का मारलं, ते गुलदस्त्यातच.

म्हणून मी वर्गातच क्रांतीची समिती नेमली. नियम साधा: ज्याच्यावर गद्दारीचा संशय, तो बाहेर व्हरांड्यात. त्याने दुसरा गद्दार दाखवून दिला, तर त्याची सुटका. अध्यक्ष केलं पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीला. (पेन्सिलीला टोक करायलासुद्धा परवानगी मागणारी!) तिने आधी जांभई देणारा बाहेर काढला, मग त्याला हसणारा, मग न हसणारा. म्हणे, "हा गप्प का? याच्या मनात काहीतरी आहे." अर्ध्या तासात व्हरांडा भरला आणि वर्ग हवेशीर झाला. मी मागे उभी राहून मनात म्हणत होते, याला म्हणतात शिकवणं. तेवढ्यात अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुम्ही मघापासून हसताय."

"अगं, मी शिकवतेय."

"राजासुद्धा असंच काहीतरी म्हणाला असता."

झालं, मीही बाहेर! पुढे थोडा गोंधळ झाला आणि खिडकीवरून चाललेले कवायतीचे सर त्यात सापडले. मुख्याध्यापिका वर आल्या (मीच शिकवलेली, तेव्हा नाक पुसायचं भान नव्हतं) तेव्हा सगळा व्हरांडा सरांभोवती "गद्दार, गद्दार" ओरडत होता आणि सरांची शिट्टी दुसऱ्याच्या तोंडात होती. सरांनी लेखी तक्रार केली आहे. वर्ग मला परत द्यायचा की नाही, ते सोमवारी ठरणार. नाही दिला, तर मुलं गाइडमधून त्या सहा ओळी पाठ करतील. ओरडायला मजा येते एवढंच त्यांना कळलंय. ते थांबवायचं कसं, तिथवर मी अजून पोचलेलीच नाही गं! माझा जीव तेवढ्यासाठी तुटतोय. मानधन गेलं खड्ड्यात.

तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. कवायतीचे सर कोण, ते तुला सांगायला नको. जावई तुझे आहेत. रविवारी जेवायला बोलाव, आवडीचं कर, आणि दुसऱ्यांदा वाढताना तक्रारीचा विषय काढ.

ता. क. २. त्यांना गद्दार म्हणून कोणी दाखवलं, ते ते तुला सांगतीलच. खरं आहे ते. "सुटायचं असेल तर दुसरा गद्दार दाखवा" हे अध्यक्षबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी त्यांच्याकडे बोट केलं होतं. ते माझे तास पळवतात म्हणून नव्हे, नुसते समोरून चालले होते म्हणून. वर्ग परत मिळाला, तर धडा मी तिथूनच सुरू करणार आहे. राग मानू नकोस, ताई, पण त्या वेळी खिडकीवरून तू गेली असतीस, तर तुझ्याकडेही केलं असतं.