हलकं यंत्र, जड गुडघे

सफक,
सप्टेंबर संपत आलेला

आदरणीय दाजी,

विल्फ्रेड आणि हिल्डाचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत (हिल्डा जरा जास्तच बरी आहे, कारण तिला माझ्यावर ओरडायला नवा विषय मिळाला आहे). तुमची तब्येत कशी आहे? कानातलं मशीन लावता, की ते अजून साखरेच्या भांड्यातच पडून आहे? फोन तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप. विनीताई गेल्यापासून तुम्ही कांद्याचे वाफेसुद्धा वाऱ्यावर सोडलेत, असं तुमच्या शेजारच्या मिसेस थर्टलकडून कळलं. पण त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. हे पत्र निव्वळ मेटल डिटेक्टरबद्दल आहे.

माझं जुनं धूड तुम्हाला ठाऊकच आहे. बॅटऱ्यांसकट उचललं की गुटगुटीत पोर उचलल्यासारखं वाटतं, आणि ते पोर कडेवर न घेता हात लांब करून दिवसभर डावी-उजवीकडे झुलवायचं असतं. यंदा पहिल्याच दिवशी उजव्या खांद्याने संप पुकारला. घरी आल्यावर शर्ट काढायला हिल्डाला हाक मारावी लागली. ‘एक तर हलकं यंत्र आण, नाहीतर हा नाद सोड,’ ती म्हणाली. ‘मी काही इथे दवाखाना उघडलेला नाही.’ नाद सोडायचा म्हणजे करायचं काय, दाजी? खिडकीशी बसून टपालवाल्याची वाट बघायची? (हे तुम्हाला उद्देशून नाही.) गहू कापल्यापासून पुढची पेरणी होईपर्यंत शेतं मोकळी असतात, तेवढेच काय ते दिवस आम्हा जमिनीतली जुनी नाणी हुडकणाऱ्यांचे. ते खांद्यापायी हातचे जाणार, या विचाराने मी खरोखर धास्तावलो.

म्हणून नॉरिचला दुकानात गेलो. दुकानामागे हिरवळीचा एक तुकडा आहे, त्यात नाणी आणि किडूकमिडूक पुरून ठेवलेलं असतं. गिऱ्हाइकाने यंत्र फिरवून बघायचं. एका यंत्राची दांडी इतकी आखूड, की मी पडलेली कवळी शोधतोय असं कोणालाही वाटावं. दुसऱ्यावरचे आकडे वाचायला भिंग लागलं. तिसऱ्याची कोपराखालची बैठक अशी रुतायची, की त्यापेक्षा जुनं धूड परवडलं. चौथं मात्र हातात आहे की नाही तेच कळेना! शिवाय पावलोपावली वाजत होतं. मी हरखून गेलो आणि ‘हेच बांधून द्या’ म्हणालो. दुकानवाल्या मिसेस पेटिट शांतपणे माझ्या पायांकडे बघत होत्या. ‘आजोबा, बुटांच्या टोकात पोलाद आहे ना?’ होतं. (असले बूट घालून येणाऱ्या नवशिक्यांना क्लबात सगळ्यांदेखत फैलावर घेणारा माणूस कोण, ते तुम्ही जाणताच.) मग ओल्या गवतावर मोजे भिजवत सगळी यंत्रं पुन्हा फिरवली. चौथं आता मुकाट झालं, पण हलकं ते हलकंच. बाईंनी खोडसाळपणे बिअरच्या डब्याची एक कडी पुरली होती. ती ॲल्युमिनियमची कडी आणि सोनं, दोन्हींचा आवाज यंत्रात जवळजवळ सारखाच येतो आणि आमच्यातले भलेभले तिथे फसतात. मी नुसत्या आवाजावरून कडी ओळखली. ‘कान शाबूत आहेत हो तुमचे,’ बाई म्हणाल्या. मी यंत्र घेतलं.

दुसऱ्या दिवशी मिसेस रिक्सच्या शेतात गेलो, ओकच्या झाडाकडच्या कोपऱ्यात. खांदा अगदी मजेत होता. थोड्याच वेळात यंत्र गोड वाजलं. मी गुडघे टेकले, खणायला लागलो, आणि तेव्हा लक्षात आलं की आता उठता येत नाही. यंत्राचं वजन, दांडी, बैठक, सगळं पारखून घेतलं होतं, पण यंत्राला काही सापडलं की माणसाला खाली बसावं लागतं, हे दुकानात कोणालाच आठवलं नव्हतं. फावड्याला धरून बघितलं, तर फावडंच आडवं झालं आणि पाठोपाठ मी. धसकटांत आडवा पडून टोपी हलवत राहिलो. शेवटी मिसेस रिक्सचा ट्रॅक्टर वळला. आता आमच्यात एक शिस्त असते, शेताच्या मालकाला उघडा खड्डा दिसता कामा नये. ट्रॅक्टरचा आवाज ऐकला मात्र, मी पडल्यापडल्या खड्डा बुजवला आणि वरून माती थापटून चोख केली.

‘विल्फ, मेलास की काय रे?’

‘अजून नाही.’

‘मग असा पडलायस का?’

‘खड्डा बुजवत होतो.’

बाईंनी मला बिटाच्या पोत्यासारखं उचलून ट्रॉलीत टाकलं. फाटकापाशी पोचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की जे सापडलं होतं ते आतच राहिलं.

तर दाजी, यंत्र उत्तम आहे आणि खांदाही उत्तम आहे. बाकी सगळं ठीक. जेवणाची हेळसांड करू नका.

तुमचा,
विल्फ्रेड

ता. क. : मिसेस रिक्सने बजावलंय, की वाकून पुन्हा उठू शकेल असा माणूस सोबत असल्याशिवाय शेतात पाऊल ठेवायचं नाही. हिल्डाने गाडीची किल्ली लपवली आहे. पुढच्या आठवड्यात पेरणी आहे, मग सगळं संपलं. तुम्ही जन्मभर कांद्यांपुढे गुडघे टेकलेत आणि दर वेळी आपले आपण उठलात. यंत्राचा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, तो मी ऐकेन. मला वाकता येत नाही, तुम्ही वाका. दोघांचा मिळून एक धडधाकट माणूस सहज होतो. शनिवारी सकाळी हिल्डा तुम्हाला न्यायला येईल. तुमच्या मापाचे बिनपोलादाचे बूट आणून ठेवलेत.

आणखी ता. क. : मला विनीताईची फार आठवण येते. हिल्डापुढे काढली तर ती रडते. तुमच्याशिवाय कोणाशी बोलू?

शेवटचा ता. क. : ओकखालचा तो आवाज मी नीट ऐकला होता. डब्याची कडी आहे ती. तरी या.