फळी क्रमांक सात, एक नग

४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पायाचं प्लास्टर दहा एप्रिलला निघणार हे वाचून बरं वाटलं, म्हणजे बरं वाटायला हवं होतं एवढं कळलं. सध्या माझं असंच चाललंय.

बातमी अशी की काल मी ऑफिसात जाऊन स्वतःला जमा केलं. घाबरू नकोस, रीतसर केलं. नऊ वर्षं मी स्थानकावरच्या हरवले-सापडले कार्यालयात दुसरं काय करतेय? लोकांनी गाडीत विसरलेल्या वस्तू घ्यायच्या, नोंद करायची, चिठ्ठी बांधायची, फळीवर ठेवायच्या. छोटी झाली त्याला आता दोन महिने होतील. या दोन महिन्यांत मी घरभर स्वतःला शोधलं. आरशात एक बाई असते, दात घासते, पण ओळखीची नाही. छोटीकडे बघितलं की वाटतं, शेजाऱ्यांनी थोडा वेळ सांभाळायला दिलीय, येतीलच आता घ्यायला. म्हटलं, हरवलेल्या वस्तूची जिथे जागा तिथेच जावं.

आमचे मुख्य साहेब तुला आठवत असतील. कोणी पेन मागितलं तरी पावती फाडतात, म्हणून आम्ही त्यांना पावतीसाहेब म्हणतो. त्यांनी चष्मा वर करून मला पाहिलं आणि वस्तू कुठे सापडली असं विचारलं. मी म्हटलं, स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, दूध उतू जात असताना. त्यांनी तसंच लिहिलं. वस्तू: बाई, एक नग. रंग: फिकट. अवस्था: वापरलेली. मग मनगटाला चिठ्ठी बांधून मला सातव्या फळीवर छत्र्यांच्या शेजारी बसवलं. छोटीची नोंद करायला मात्र साफ नकार दिला. ती हरवलेली नाही म्हणाले, तिला आपण कुठे आहोत आणि काय हवंय ते पक्कं ठाऊक आहे.

सासूबाई दर तीन तासांनी तिला पाजायला आणतात आणि पोचपावती घेऊन जातात. पाच वाजता मला तात्पुरत्या पावतीवर घरी सोडतात, सकाळी दहाला परत जमा. बाकी नियम नेहमीचेच. जो अचूक वर्णन करील त्याच्याच ताब्यात वस्तू द्यायची. तीस दिवसांत कोणी नेली नाही तर मोठ्या गोदामात रवानगी. तिथून काही परत आल्याचं ऐकिवात नाही.

कळावे. लोभ असेल तर चिठ्ठी बांधून पाठव.
तुझी,
गुंडी (नग क्र. ४१२)


९ मार्च

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

तुझं डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारणार होते. पण ते ठिकाणावर नाही म्हणूनच तू फळीवर जाऊन बसलीस, असं तुझंच म्हणणं दिसतंय. अगं, पहिलटकरणीला असं होतंच. दोन दिवस झोप काढ, गरमगरम काहीतरी पी, केस विंचर. पोरगी सोन्यासारखी, नवरा पहाटे उठून अख्ख्या गावासाठी पाव भाजतो, सासू तीन-तीन तासांनी नात उचलून आणते. आणखी काय हवं बाई? सुख बोचतं म्हणतात ते हेच.

वर्णनाचं माझ्यावर सोड. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, तुझी मापं तर पाळण्यापासून माझ्या वहीत आहेत. सोबत लिहून पाठवते: खांदा पावणेचौदा, कंबर अठ्ठावीस, बाही साडेवीस, डावा खांदा किंचित उतरता. हे साहेबांना दे आणि गपगुमान घरी जा. पाय प्लास्टरमध्ये नसता तर मीच येऊन कानाला धरून उतरवलं असतं.

शेजारीण विचारत होती, लेक कशी आहे. मजेत आहे असं सांगितलंय. मला खोटं पाडू नकोस.

बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, अक्कलही थोडी असू दे.
तुझी,
आई


१४ मार्च

ती. सासूबाईंस,
सा. न. वि. वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही. कागदाला पीठ लागलंय, त्याबद्दल माफ करा.

तुम्ही पाठवलेली मापं घेऊन गेलो होतो. पावतीसाहेबांनी टेप काढून एकेक माप पडताळलं. खांदा जुळला, बाही जुळली, कंबर चार इंच जास्त भरली. ही ती वस्तू नव्हे, असा शेरा मारून कागद परत केला. मग मी तोंडी वर्णन केलं. हसरी, बडबडी, भांडी घासताना गाणं म्हणणारी, पावाचा कडक शेंडा आधी तोडून पळवणारी, पोरीवर जीव टाकणारी. साहेबांनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. अशी वस्तू या कार्यालयात जमाच झालेली नाही म्हणाले. माझ्या आईनेही अर्ज केला होता. त्यात माझ्या नातीची आई एवढंच लिहिलं होतं. ते वर्णन फारच ढोबळ ठरलं. काळी छत्री, दांडा वाकडा, असं लिहिण्यातला प्रकार झाला.

मी चिडलो. बायको माझी आणि तुम्ही कोण सांगणार, असं काहीबाही बोललो. साहेबांनी शांतपणे मी चिडल्याची पावती फाडून दिली. सोबत जोडली आहे.

पण सासूबाई, खरं सांगू का, परत येताना वाटलं की तो माणूस चुकला नव्हता. भट्टीचं दार न उघडता मी सांगतो पाव किती भाजलाय. आणि ती शेवटची पोटभर कधी जेवली, हे मला सांगता येईना. तिला विचारलं तर म्हणते, गोदामच बरं, तिथे कोणी वर्णन मागत नाही. मला भीती वाटते. तुम्हाला काही कळत असेल तर लवकर कळवा.

लोभ असावा ही विनंती. पाव गरम असतानाच पार्सल केलाय, पोचेपर्यंत विटेसारखा होईल.
आपला,
जावई


१९ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

इथे गर्दी व्हायला लागलीय. सोमवारी बसची एक कंडक्टरबाई हरवलेला डबा न्यायला आली. मला पाहून विचारलं, फळीवर आणखी जागा आहे का. तिला आठ महिन्यांचा मुलगा आहे. दोन तास माझ्या शेजारी पाय हलवत बसली, पावती घेतली आणि कामावर गेली. मंगळवारी ती दातांच्या एका डॉक्टरीण बाईंना घेऊन आली, बुधवारी गणिताच्या एक बाई आल्या. पावतीसाहेबांनी कुरकुरत छत्र्या सहाव्या फळीवर हलवल्या. सासूबाई म्हणतात, त्यांच्या वेळी अशी फळी असती तर त्यांनी आधीच आरक्षण केलं असतं.

पण त्या दोन तासांनी उतरतात. मला उतरावंसं वाटत नाही. रोज चार वाजता रडू येतं, सव्वाचारला आपोआप थांबतं. साहेबांनी ती वेळ नोंदवहीत लिहून ठेवलीय. सोळा दिवस झाले, चौदा उरले. गोदामात म्हणे फार शांत असतं. मी नसले तर छोटीला नीट चालणारी दुसरी आई मिळेल, असं सारखं मनात येतं. हे इथे कोणालाच सांगितलेलं नाही. तू लांब आहेस म्हणून तुला लिहिलं.

काल उगाच तुझी ती काजांची चादर आठवली. लहानपणी मी तिच्या भोकांतून बोटं बाहेर काढून बसायचे. एवढी काजं, आणि बटण एकही नाही. ती कशासाठी होती गं? कधी विचारलंच नाही.

लोभ आहे का ते आज विचारत नाही.
तुझी,
गुंडी


२२ मार्च

चि. गुंडीस,
अनेकानेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी जावईबापूंना फोन केला. तुला क्षणभरही एकटी सोडायची नाही असं बजावलं आणि तुझं बाळंतपण केलेल्या डॉक्टरबाईंची उद्याचीच वेळ घ्यायला लावली. जायचं म्हणजे जायचं. उरलेलं मला फोनवर बोलता येईना, म्हणून लिहिते.

मागचं माझं पत्र फाडून टाक. सुख बोचतं म्हणे! लिहिताना हात कसा नाही कापला माझा.

तू दोन महिन्यांची होतीस. मशीनवर शर्टांची ऑर्डर पडलेली, आणि मी पलंगावरची चादर ओढून तिला काजं करत बसले. एकशे त्रेचाळीस केली. कोणी विचारलं तर हवा खेळती राहावी म्हणून, असं सांगायचे. गंमत बघ, दोन बायकांनी तशाच चादरी शिवून मागितल्या, पण मला काय झालंय हे एकीनेही विचारलं नाही. तू रडायचीस आणि मला मशीनचा आवाज जवळचा वाटायचा. तू माझी आहेस असं मला वाटतच नव्हतं गुंडे. एक दिवस तुला झोपवून मी नदीच्या पुलापर्यंत चालत गेले. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. तुटक्या चपलेने पुढे कसं जायचं, एवढ्याच कारणाने परत फिरले. ती चप्पल अजून माझ्या कपाटात आहे.

मग तुझी मावशी आली. तिने चादर पाहिली, काजं मोजली. एवढी काजं झाली, घरात एक गुंडी तरी आहे, असं म्हणून तिने तुला उचललं आणि तीन महिने माझ्याजवळ राहिली. तुझं नाव तिथून पडलं. तो आजार होता हे मला कित्येक वर्षांनी कळलं. तुला आजच कळतंय, तर औषधही आजच घे.

तुझं वर्णन मला येतं, पण मी ते देणार नाही. ज्याची वस्तू त्यालाच खुणा ठाऊक. चादर पार्सलने पाठवतेय.

शेजारणीला बोलावून सांगितलं, लेक मजेत नाही म्हणून. ती दारातच बसली आणि स्वतःचं सांगायला लागली. चहा दोनदा करावा लागला.

लोभ होता, आहे, कमी पडला तर माझा कान धर.
तुझी,
आई


३ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरबाई म्हणाल्या, याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात, पुष्कळ जणींना होतं, काहींना तर पोटुशी असतानाच सुरू होतं. मला आठवलं, सातव्या महिन्यात मी बाबागाडीच्या दुकानात गाड्या बघून तासभर रडले होते. अंगावर पाजत असताना चालतील अशा गोळ्या दिल्यात आणि दर बुधवारी बोलायला बोलावलंय. तो कागद पावतीसाहेबांना दाखवला. त्यांनी अवस्थेच्या रकान्यातलं वापरलेली हे खोडलं आणि लिहिलं: आजारी, बरी होणारी. खाली सही केली.

काल तिसावा दिवस. पावणेचारला गोदामाची हातगाडी दारात येऊन उभी राहिली. मी फळीवरून उतरले, काउंटरच्या या बाजूला आले आणि अर्ज भरला. अर्जदार: नग क्र. ४१२. साहेबांनी सगळं नियमांचं पुस्तक चाळलं. वस्तूने स्वतःला नेऊ नये असं कुठेच लिहिलेलं नाही. आजवर कुठल्या छत्रीने मागितलंच नव्हतं.

मग माझी उलटतपासणी झाली. मी सांगितलं, हसू सध्या बंद आहे. कंबर बत्तीस. पावाचा शेंडा खाते पण चव लागत नाही. पोरगी शेजाऱ्यांची वाटते, पण तिला उचकी लागली की उचक्या मोजते. तिला एकटीने अंघोळ घालायची भीती वाटते. साहेब एकेका खुणेपुढे टिक करत होते. तेवढ्यात घड्याळात चार वाजले आणि मला रडू फुटलं. साहेबांनी नोंदवही उघडून पाहिली, वेळही जुळते म्हणाले आणि शिक्का मारला.

तुझ्या जावयाने पुन्हा अर्ज आणला होता. त्यात एवढंच होतं: थकलेली आहे, मला कळली नाही, तरी हवी आहे. साहेबांनी तो पूरक कागद म्हणून जोडून घेतला. कंडक्टरबाई साक्षीदार झाल्या. हातगाडी सहा छत्र्या घेऊन गेली.

सातवी फळी मात्र आता छत्र्यांना परत मिळणार नाही. रजा संपली की ती माझ्याकडे. मी पाटी लिहून ठेवलीय: येथे आयांना जमा करून घेतले जाईल. वर्णन विचारले जाणार नाही. गोदाम नाही. साहेबांनी पाटीचीही पावती दिली.

चादर आज आली. पलंगावर पसरली, सवयीने एका काजातून बोट घातलं. पलीकडे छोटी होती, तिने ते धरलं. मला काही भरूनबिरून आलं नाही, खोटं कशाला सांगू. फक्त एवढं कळलं की ते बोट माझं आहे. तिने कसलीही खूण विचारली नाही आणि सोडलंही नाही, म्हणून हे पत्र डाव्या हाताने लिहितेय. अक्षर समजून घे.

दहा तारखेला प्लास्टर निघालं की टेप घेऊन ये. वहीतली जुनी मापं खोड, नव्याने घ्यायची आहेत.

लोभ आहे. इकडे पोचला.
तुझी,
गुंडी